न मागण्याचे व्रत

मागणे ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाला जन्मतःच जड जाते. दुसऱ्याच्या घरी जेवावयास गेल्यावर ताटातील लाडू संपला तरी आणखी मागावयाचा नाही. कोणी 'वाढू का?' म्हणून विचारले तर प्रथम 'नको' म्हणावयाचे. आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला म्हणजे मग अर्धा घ्यावयाचा, हे शिक्षण आमच्यापैकी बहुतेकांना मुळाक्षरांच्या आधी मिळालेले असते. पुढे हेच मूल मोठे होऊन नोकरीस लागते, आणि वरिष्ठापुढे उभे राहून 'माझा पगार वाढवा' हे तीन शब्द उच्चारावयाची वेळ आली म्हणजे त्याची जीभ टाळूला चिकटून बसते. या वृत्तीला आम्ही निरिच्छता, स्वाभिमान, संतोष अशी एकाहून एक भारदस्त नावे देत आलो आहो. ती नावे कितपत खरी आहेत याविषयी आमच्या मनात अलीकडे संशय उत्पन्न झाला आहे. आणि तो उत्पन्न करणारा पुरुष म्हणजे कोणी अर्थशास्त्रज्ञ किंवा मजूरपुढारी नसून, कॅनडा देशात जन्मलेला व बर्फावर हॉकी खेळून पोट भरणारा एक धिप्पाड गृहस्थ आहे.

आमचा एक भाचा डेट्रॉइट शहराजवळ मोटारींच्या कारखान्यात नोकरीस आहे. मागील खेपेस तो इकडे आला तेव्हा गॉर्डी हाव या खेळाडूचे २०१४ साली निघालेले आत्मचरित्र आमच्या टेबलावर ठेवून गेला. या नावाविषयी प्रथमच खुलासा केलेला बरा. इंग्रजी उच्चारास धरून लिहावयाचे तर हे आडनाव मराठीत 'हाव' असेच लिहावे लागते. आणि ज्याच्या अंगी द्रव्याची हाव औषधालासुद्धा नव्हती त्याच्याच वाट्यास हे आडनाव यावे, ही भाषेने केलेली थट्टा आहे. तीत आमचा काही हात नाही.

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि ध्यानचंद उभे राहतात. इकडे लडाखात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळली जाणारी हॉकी कित्येकांनी चित्रांत पाहिली असेल. हा खेळ त्या जातीचा. दोनशे फूट लांब व पंचाऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण, त्याभोवती कठडा, पायांत पोलादी पात्यांचे जोडे, हातात लांब काठी, आणि चेंडूऐवजी टणक रबराची तीन इंच व्यासाची एक चकती. प्रत्येक बाजूस सहा गडी. त्यांतील एक गोल राखणारा, दोन बचावाचे, आणि उरलेले तिघे आघाडीचे. आघाडीच्या गड्याचे काम गोल करण्याचे व करविण्याचे. परंतु या तिघांना मैदानावर सतत राहता येत नाही. एखादे मिनिट जिवाच्या आकांताने धावावयाचे आणि धापा टाकीत बाकावर येऊन बसावयाचे. दुसरे तिघे जातात. मग पुन्हा आपली पाळी. मिनिटामिनिटाने तुटणाऱ्या या आयुष्यात पंचवीस तीस वयाच्या पुढे टिकाव धरणेही कठीण. गॉर्डी हाव उजव्या बगलेवरून खेळे. आणि तो या धंद्यात १९४६ पासून १९८० पर्यंत राहिला. मध्ये दोन वर्षे तेवढी विश्रांती.

त्याचा जन्म ३१ मार्च १९२८ रोजी सस्कॅचेवान प्रांतातील फ्लोरल या खेड्यात झाला. तो नऊ भावंडांतील सहावा. लवकरच कुटुंब जवळच्या सॅस्कटून शहरी येऊन राहिले. मंदीचे ते दिवस. एके दिवशी दारी एक बाई जुन्या वस्तूंचे पोते विकावयास घेऊन आली. तिची दशा पाहून गॉर्डीच्या आईने घरातले थोडे पैसे काढून ते पोते घेतले. ते जमिनीवर उपडे केले तेव्हा त्यातून बर्फावर घसरण्याच्या जोड्यांचा एक जोड बाहेर पडला. एक जोडा गॉर्डीने पटकावला, दुसरा त्याच्या बहिणीने; आणि दोघे भावंडे एकेका पायावर घसरू लागली. यावरून त्या घराची सांपत्तिक स्थिती ताडता येईल. मुलगा अंगाने दांडगा, पण शाळेत तिसऱ्या इयत्तेत दोनदा नापास झालेला, आणि त्यामुळे मनातून अतिशय लाजाळू. उन्हाळ्यात तो वडिलांबरोबर बांधकामावर जाऊन सिमेंटची पोती वाही. पुढे ज्या मनगटांचे व खांद्यांचे गोडवे वृत्तपत्रांनी गायिले, ती या पोत्यांनी घडविलेली होती.

पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या संघाने त्याला विनिपेग येथे सराव-शिबिरास बोलाविले. तेथील एक हकीकत आम्हांस फार बोलकी वाटते. जेवणाच्या टेबलावर मोठे गडी भराभर हात मारीत. हा पोरगा आपल्यापर्यंत काही येईल म्हणून स्वस्थ बसे, आणि उपाशी उठे. शेवटी आल्फ पाइक नावाच्या एका जुन्या खेळाडूच्या हे ध्यानात आले व त्याने मुलाला मध्ये जागा करून दिली. 'मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवावयास वाढीत नाही' ही म्हण आपल्याकडे आहे. पण ती ठाऊक असणे आणि तोंड उघडणे यांत अंतर आहे. घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन तो थोड्याच दिवसांत सॅस्कटूनला परतला.

दुसऱ्या वर्षी, १९४४ साली, डेट्रॉइटच्या 'रेड विंग्ज' संघाने त्याला हेरले. संघाचा कारभारी जॅक ॲडम्स याने करारावर सही करावयास सांगितली तेव्हा या मुलाने एकच अट घातली: संघाचे नाव असलेला एक कोट आपल्याला मिळावा. पैशाचा शब्द नाही. कोटाचे वचन मिळाले आणि त्याची रवानगी ऑन्टॅरिओतील गॉल्ट या लहानशा गावी झाली. तेथील शाळेच्या दारापर्यंत तो गेला, अनोळखी मुलांचा घोळका पाहून तसाच मागे वळला, आणि एका धातूच्या कारखान्यात कामाला लागला. कोट काही येईना. डेट्रॉइटचा संघ सामन्यांस जाता-येता त्या गावावरून आगगाडीने जातो, हे त्याला ठाऊक होते. गाडीच्या वेळेला हा सोळा वर्षांचा मुलगा एकटाच चालत स्टेशनावर जाऊन उभा राही. गाडी थांबली तर ॲडम्ससाहेबांना कोटाविषयी विचारावे, एवढाच बेत. एके रात्री गाडी थांबलीच नाही. ती धडधडत निघून गेली, आणि हा मैलभर अंतर पुन्हा चालत घरी आला.

पुढील वर्षी नव्या करारावर सही करण्याआधी त्याने ॲडम्सला या कोटाची आठवण दिली, आणि कोट मिळाला. संघाच्या चालकांकडे हट्ट धरून त्याने काही मागितले आहे, असा त्यानंतरच्या चोवीस वर्षांतील दुसरा प्रसंग आमच्या वाचनात नाही.

१६ ऑक्टोबर १९४६ रोजी, अठरा वर्षांचा असता, तो नॅशनल हॉकी लीगमधील आपला पहिला सामना टोरोंटोविरुद्ध खेळला आणि त्यात त्याने एक गोल केला. प्रथम त्याच्या पाठीवर १७ हा आकडा होता. पुढे ९ हा आकडा मोकळा होताच त्याने तो घेतला. कारण मोठे गमतीचे आहे. त्या काळी संघ आगगाडीने प्रवास करी, झोपण्याच्या जागा पाठीवरील आकड्यांच्या क्रमाने वाटल्या जात, आणि लहान आकडेवाल्यास खालचा बर्थ मिळे. ज्या नऊ आकड्याला पुढे कॅनडातील पोरे देवासारखे मानू लागली, त्याचे मूळ खालच्या बर्थात आहे! रात्रीच्या गाडीने पुणे-नागपूर प्रवास केलेल्या कोणाही वाचकास हा हेतू पुरेसा उदात्त वाटेल.

त्याची कर्तबगारी आकड्यांनी सांगावयाची तर पाने भरतील. सिड एबल मध्यभागी, टेड लिंडसे डाव्या बगलेस आणि हाव उजव्या, अशी ही त्रयी होती. मोटारींच्या शहरात त्यांस 'उत्पादनाची रांग' असे सार्थ नाव पडले. १९५०, १९५२, १९५४ व १९५५ या चार साली डेट्रॉइटने स्टॅन्ले कप जिंकला. हंगामातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचे पारितोषिक हावला सहा वेळा मिळाले, आणि गुणांच्या यादीत तो सहा वेळा पहिला आला. पण १९५० च्या विजयाची एक कडू बाजू आहे. त्या साली २८ मार्च रोजी, आपल्या बाविसाव्या वाढदिवसाला तीन दिवस असता, टोरोंटोच्या टेड केनेडीला अडवावयास तो धावला, नेम चुकला, आणि डोके कठड्यावर जाऊन आदळले. नाक मोडले, गालाचे हाड मोडले, कवटीला तडा गेला. मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. आईला सॅस्कटूनहून बोलावून घेतले. महिन्याभरात डेट्रॉइटने करंडक जिंकला त्या रात्री प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर केला, तेव्हा हा जखमी मुलगा बर्फावर येऊन उभा राहिला. आणि पुढच्याच हंगामात त्याने ८६ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकाच्या मोरिस रिशारला वीस गुणांनी मागे टाकले. डोळा मिचकावण्याची एक खोड मात्र त्याच्या चेहऱ्याला या अपघाताने कायमची लावली; सोबती तीवरून त्याला चिडवीत.

येथे कोणास असे वाटेल की हा मनुष्य फार भिडस्त, गरीब गाय असावा. बर्फाबाहेर तो तसाच होता; म्हाताऱ्या बायांशी अदबीने वागणारा, मुलांना तासन्‌तास सह्या देणारा. बर्फावर मात्र त्याच्या कोपराची दहशत होती. ज्याने आगळीक केली त्याला तो लगेच काही करीत नसे; दोन मिनिटांनी, दोन सामन्यांनी, पंचाची पाठ वळली की ते कोपर योग्य जागी पोहोचे. १९५९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या लू फाँटिनाटो नावाच्या मारकुट्या गड्याचे नाक त्याने असे फोडले की त्या छायाचित्राची चर्चा वर्षानुवर्षे चालली. आम्ही या मारामारीचे समर्थन करीत नाही. आम्हांस कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. बर्फावर ज्याच्या वाटेस कोणी जात नसे, तोच मनुष्य चालकाच्या टेबलापुढे बसला म्हणजे मेंढरू कसा होई?

कारण ते टेबल तसे होतेच. दर वर्षी हावला सांगण्यात येई की, तू या संघातील, किंबहुना साऱ्या लीगमधील, सर्वांत अधिक पगार घेणारा खेळाडू आहेस. आणि दरसाल साधारण हजार डॉलर्सची वाढ घेऊन तो संतुष्ट होऊन घरी जाई. दुसऱ्याचा पगार विचारणे असभ्यपणाचे आहे, ही समजूत तिकडेही होती. मालकांनी ती मोठ्या प्रेमाने जोपासली होती. १९६८ साली बॉब बॉन नावाचा एक बचावाचा खेळाडू डेट्रॉइटला आला. त्याने हावला एकीकडे घेऊन स्वतःचा पगार सांगितला. हावला त्या वेळी ४५,००० डॉलर्स मिळत. बॉनला त्याहून पुष्कळ अधिक. हाव तेव्हा चाळिशीचा होता, आणि त्याच हंगामात त्याने १०३ गुण मिळविले. एका हंगामात शंभरावर गुण या लीगमध्ये त्याला तोवर कधीच मिळाले नव्हते.

तो मालक ब्रूस नॉरिस याच्याकडे गेला आणि एक लक्ष डॉलर्स मागितले. नॉरिसने तत्काळ होकार दिला. हावने चकित होऊन विचारले की, इतके सहज देता येत होते तर आजवर का दिले नाही? यावर नॉरिसने जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, तू कधी मागितलेच नाहीस. आणि मी व्यापारी मनुष्य आहे. या उत्तराचा राग येतो हे खरे. पण त्यात खोट कोठे काढावी हे चटकन सुचत नाही, म्हणून अधिकच राग येतो.

हे वाचताना आम्हांस आमच्या एका काकांची आठवण झाली. त्यांनी एका शाळेत एकतीस वर्षे गणित शिकविले. मागाहून आलेले लोक पुढे गेले, काका आपल्या जागी राहिले. 'तुम्ही अर्ज का करीत नाही?' असे काकूंनी विचारले म्हणजे ते म्हणत, 'त्यांना डोळे नाहीत काय?' निवृत्तीच्या वेळी असे निघाले की त्यांची वेतनश्रेणी बारा वर्षांपासून चुकीची लागली होती. कार्यालयातील कारकुनाने अत्यंत नम्रपणे सांगितले, 'सर, आपण अर्जच केला नाहीत.' घरात या गोष्टीचा उल्लेख नेहमी काकांच्या थोरपणाचा दाखला म्हणून होत असे. पुष्कळ वर्षांनी त्याच शाळेतील एका वृद्ध शिक्षकांनी आम्हांस दुसरी बाजू सांगितली. ते म्हणाले, 'आम्ही काही मागावयास गेलो की आम्हांस एकच उत्तर मिळे, सरांनी कधी मागितले आहे काय? मग आम्ही गप्प परत येत असू.'

ही दुसरी बाजू हावच्या चरित्रातही आहे, आणि आमच्या मते तेथेच त्या चरित्राचे मर्म आहे. टेड लिंडसे हा त्याचा जिवलग मित्र. तरुणपणी दोघे एकाच खाणावळवजा घरी राहत असत. लिंडसे अंगाने लहान, स्वभावाने तिखट, आणि हिशेब विचारणारा. पुढे १९६६ साली त्याला हॉकीच्या सन्मान-मंदिरात स्थान मिळाले तेव्हा, बायकामुलांना समारंभास येता येत नाही म्हणून तो समारंभासच गेला नाही, असा हा मनुष्य. निवृत्तिवेतनाच्या फंडाचा हिशेब मालक दाखवीत नाहीत हे पाहून १९५७ साली त्याने इतर संघांतील प्रमुख खेळाडूंना हाताशी धरून खेळाडूंची एक संघटना उभारली. मालकांनी त्याच उन्हाळ्यात लिंडसेला शिकागोच्या संघास विकून टाकले. संघटना टिकावयाची तर डेट्रॉइटच्या खेळाडूंनी खंबीर राहणे अवश्य होते. आणि डेट्रॉइटचे खेळाडू हावच्या तोंडाकडे पाहणार, हे उघड होते. हाव बोलला नाही. त्या नोव्हेंबरात डेट्रॉइटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले, आणि काही महिन्यांत ती संघटना मोडली. नवी उभी राहावयास १९६७ साल उजाडावे लागले.

तो भित्रा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोते उपडे करून त्यातले जोडे घालणाऱ्या मुलाला खेळण्याबद्दल कोणी पैसे देतो हेच मोठे नवल वाटत असले पाहिजे; ते नवल गमावण्याची भीती त्याच्या मनात असावी. घरी बायको, लहान मुले; मालकाची मर्जी फिरली तर मित्र कोठे गेला हे डोळ्यांपुढे होतेच. परंतु सर्वांत उंच माणूस वाकून उभा राहिला म्हणजे छप्पर त्याच्या मापाने बांधले जाते, आणि मग मागच्या रांगेतील माणसांना ताठ उभे राहावयास जागा उरत नाही. हावलाच एवढे मिळते, मग तुला अधिक कसे? या प्रश्नाला त्या काळच्या शेकडो सामान्य खेळाडूंपाशी उत्तर नव्हते. त्यांतील कित्येक उन्हाळ्यात दुसरी कामे करून घर चालवीत. निरिच्छता हा गुण ज्याच्या अंगी असतो त्याच्यापुरताच राहिला असता तर आम्ही त्याला नमस्कार करून मोकळे झालो असतो.

आपल्याकडील प्राध्यापक दि. ब. देवधर पन्नाशीच्या घरात महाराष्ट्राचे कर्णधार होते व रणजी करंडक जिंकून देत होते. परंतु त्यांच्या चरितार्थाची काळजी संस्कृतची प्राध्यापकी वाहत होती. खेळावर पोट नसले म्हणजे निरिच्छतेला शोभा येते. जो खेळच विकतो, त्याने भाव न विचारणे हे निराळे.

१९७१ साली, पंचवीस हंगामांनंतर, मनगटाच्या संधिवाताने हाव निवृत्त झाला. संघाने त्याला उपाध्यक्ष केले. खोली मिळाली, टेबल मिळाले. काम मात्र मिळाले नाही. आपली गत अळंब्यासारखी झाली, अंधारात ठेवतात आणि अधूनमधून वर खत टाकतात, असे तो म्हणे. आमच्या वाचकांत निवृत्त गृहस्थ पुष्कळ असतील. त्यांस या उपमेचे स्पष्टीकरण नको. त्रेचाळीस वर्षांचा धडधाकट मनुष्य रोज नीट कपडे करून कचेरीत जातो आणि दाराकडे पाहत बसतो, यापेक्षा कठड्यावर डोके आपटणे पुष्कळ सुसह्य असावे.

दोन वर्षांनी टेक्ससमधील ह्यूस्टनच्या संघाने त्याचे दोन मुलगे, एकोणीस वर्षांचा मार्टी व अठरा वर्षांचा मार्क, यांना मागणी घातली. हा संघ एका नव्या, प्रतिस्पर्धी लीगचा होता. बोलणी चालली असता गॉर्डीने विचारले म्हणतात की, दोन हाव घेताच आहा, तर तिसराही चालेल काय? मनगटावर शस्त्रक्रिया करून घेऊन हा पंचेचाळीस वर्षांचा बाप मुलांच्या शेजारी बर्फावर उतरला. पहिल्या सरावात त्याची जी दमछाक झाली ती पाहून पुष्कळांनी मान हलविली. पण हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर शंभर गुण होते, तो त्या लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला होता, आणि ह्यूस्टनने करंडक जिंकला होता. १९७४ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या सामन्यांत कॅनडाकडून हे तिघेही खेळले. मैदानावर मुलगे बापाला काय म्हणत, हा प्रश्न आमच्या घरातील मुलांनी लगेच विचारला. 'डॅड' म्हणून हाक मारली तर लोक हसतील, म्हणून ते 'गॉर्डी' म्हणत. आमच्या घरी यावर बराच खल झाला, आणि ज्येष्ठ मंडळींचे मत प्रतिकूल पडले.

या साऱ्या बदलामागे एक व्यक्ती होती, ती त्याची पत्नी कोलीन. १९५३ साली लग्न झाल्यापासून ती पतीच्या भोळेपणाकडे पाहत आली होती. हळूहळू करारनामे वाचण्याचे, आकडे ठरविण्याचे व नाही म्हणण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले. त्या धंद्यात तेव्हा स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच; पुरुष मंडळींना ती कजाग वाटली, यात आश्चर्य नाही. ताकाला जाऊन भांडे लपविणाऱ्या नवऱ्याच्या घरात कोणी तरी भांडे पुढे करावे लागते. आणि जी बाई ते पुढे करते तिला जग लोभी म्हणते. हे आपल्याकडील कित्येक घरांतही आम्ही पाहिले आहे.

१९७९ साली नवी लीग मोडून तिचे चार संघ जुन्या लीगमध्ये आले. त्यांत हावचा हार्टफर्ड संघ होता. तो या शेवटच्या हंगामात ऐंशींपैकी ऐंशी सामने खेळला व त्याने पंधरा गोल केले. त्या हंगामात निवडक खेळाडूंचा सामना डेट्रॉइटला ठरला, तारीख ५ फेब्रुवारी १९८०. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंची नावे एकेक करून पुकारण्यात आली. सर्वांच्या शेवटी निवेदकाने पाच दशकांचा उल्लेख केला, नऊ हा आकडा सांगितला, आणि नाव घेतलेच नाही. एकवीस हजार माणसे उभी राहिली. टाळ्या थांबेनात. एक्कावन्न वर्षांचा हाव मान खाली घालून उभा राहिला. बाकापाशी गेला, परत आला. हात कोठे ठेवावेत हे त्याला समजेना. गॉल्टच्या स्टेशनावर ज्या शहराची गाडी न थांबता निघून गेली होती, ते शहर आता त्याच्यासाठी थांबले होते. त्याच सामन्यात एकोणीस वर्षांचा वेन ग्रेट्स्की खेळत होता. या मुलाने हावच्या प्रेमामुळे नऊ आकडा मागितला होता. तो मोकळा नव्हता म्हणून ९९ घेतला. हावच्या एकंदर गुणांचा उच्चांक त्यानेच १९८९ साली मोडला, ८०१ गोलांचा १९९४ साली. १,७६७ सामन्यांचा उच्चांक २०२१ पर्यंत टिकला. कोलीन २००९ साली वारली, हाव १० जून २०१६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी. डेट्रॉइटमध्ये त्याचा देह दर्शनासाठी ठेवला होता तेव्हा लोकांची रीघ लागली होती, असे भाचा सांगतो.

परंतु आम्हांस त्या रांगेपेक्षा एक दुसरी यादी अधिक महत्त्वाची वाटते. निवृत्तिवेतनाच्या फंडात शिल्लक पडलेली मोठी रक्कम मालकांनी स्वतःच्या सोयीसाठी वापरली, ती खेळाडूंची आहे, अशी फिर्याद काही जुन्या खेळाडूंनी १९९१ साली कॅनडात गुदरली. जो हिशेब लिंडसेने १९५७ साली मागितला होता, त्याच फंडाचा हा हिशेब. फिर्यादी सात होते, आणि त्या सातांत गॉर्डी हाव हे नाव आहे. १९९२ साली न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. मालक वरपर्यंत गेले, आणि १९९४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील दाखल करून घेण्यास नकार दिला. कोट्यवधी डॉलर्स शेकडो वृद्ध खेळाडूंना मिळाले. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास आठवत नाहीत.

हाव त्या वेळी सहासष्ट वर्षांचा होता. तीन वर्षांनी, १९९७ च्या ऑक्टोबरात, डेट्रॉइटच्याच एका दुय्यम संघाने त्याच्याशी एका सामन्याचा करार केला. तो कठडा ओलांडून बर्फावर आला, मिनिटभराहूनही थोडा वेळ खेळला, आणि धापा टाकीत बाकावर येऊन बसला.